पाणी ओतणे हा इलाज नव्हे

बोरघाट चढताना मोटार रस्त्याच्या कडेला उभी करून, बॉनेट उघडून, डब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे ड्रायव्हर आपल्यातील वडील मंडळींनी पुष्कळ वेळा पाहिलेले आहेत. मुंबई-पुण्याच्या हवेत तेवढ्याने भागत असे. ती सवय आपण येथे अमेरिकेतही आणली. टाकी रिकामी दिसली की नळाचे पाणी घालावे आणि कामावर जावे!

परंतु त्या टाकीत नुसते पाणी नसते. निम्मे पाणी व निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे ते मिश्रण असून ते उणे ३४ अंश फॅरनहाइटपर्यंत गोठत नाही. उन्हाळाभर थोडे थोडे पाणी घालत गेल्यास मिश्रण पातळ होते, आणि मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या एखाद्या जानेवारीच्या रात्री ते गोठते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. इंजिनचा ओतीव ठोकळा ते सहज तडकवते. अडचणीच्या वेळी पाणी घालून गॅरेजपर्यंत जावे, यास आमची हरकत नाही. पुढे मिश्रण मात्र पूर्ववत करून घ्यावे.

गळती नाही, तरीही पाणी उकळते, असे पुष्कळजण सांगतात. त्यांनी प्रथम झाकण पाहावे. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकरच होय. साधारण १५ पौंड दाबाखाली ते मिश्रण सुमारे २६५ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही, तद्वत झाकणाचे रबर झिजले की दाब राहत नाही व उकळी लवकर येते. आणि वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण कोणती गृहिणी उघडते? गरम इंजिनचे झाकणही उघडू नये. भाजण्याचे प्रसंग याच घाईतून येतात.

आता गळतीचा शोध. गाडीखाली रात्री जाड पुठ्ठा पसरावा. स्वच्छ, बिनवासाचे पाणी बहुधा एअर कंडिशनरचे असते. त्याची चिंता नको. हिरवट, केशरी वा गुलाबी, बुळबुळीत व गोडसर वासाचा डाग मात्र कूलंटचा. पुठ्ठा कोरडाच राहिला, पण चालकाशेजारच्या आसनापुढील गालिचा ओलसर लागतो व समोरच्या काचेवर चिकट धुके धरते, तर हीटरचा आतील छोटा रेडिएटर फुटलेला आहे. बाहेरही नाही, आतही नाही, तरीही टाकी उतरते आणि मागून गोड वासाचा पांढरा धूर सुटतो, तेव्हा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. तेलाच्या पट्टीवर दुधाळ चहाचा रंग दिसला तर शंका बळावते. गाडी सिग्नलपाशी उभी असताना तापते व वेगात थंड होते, तर दोष बहुधा पंख्यात असतो. महामार्गावर तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला असावा किंवा कूलंट कमी असावे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने काटा लाल रेषेवरून एकाएकी खाली आलेला पाहून समाधान मानले व प्रवास चालू ठेवला. वस्तुतः कूलंट इतके संपले होते की काट्यास खबर देणारा भाग कोरडा पडला होता. ॲल्युमिनियमचे हेड वाकले. दुरुस्तीची रक्कम गाडीच्या किमतीहून अधिक निघाली.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाताना बेकर गावानंतर महामार्ग ३,००० फुटांहून अधिक चढतो. तेथे एअर कंडिशनर बंद करा, अशा पाट्या आहेत, त्या उगाच नव्हेत. त्या यंत्राची उष्णता रेडिएटरच्याच तोंडावर येते. काटा चढू लागला तर उलट हीटर पूर्ण सोडावा. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्यावीत. एवढ्यानेही काटा उतरला नाही तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे.

मेकॅनिकने पाहताक्षणी रेडिएटर बदला म्हटले, तर आधी प्रेशर टेस्ट करण्यास सांगावे. थंड इंजिनास हातपंपाने दाब देतात. दाबाचा काटा उतरू लागला की गळती आहे हे ठरते, आणि ठिकाणही बहुधा तेथेच दिसते. कित्येकदा दोष एका रबरी नळीचा वा तिच्या क्लॅम्पचा निघतो.

जमिनीवर सांडलेले कूलंट तसेच ठेवू नये. ते गोड लागते व विषारी असते; मुले आणि मांजरे-कुत्री यांना त्याचा धोका आहे. त्यावर वाळू टाकून ते टिपून घ्यावे व मगच जागा धुवावी.