विद्यापीठ गावापर्यंत पोहोचेल का?

थळ (जि. रायगड) : अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या थळमध्ये कोळीवाडा आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि १९८५ पासून उत्पादन करणारा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखानाही आहे. मच्छीमार, बागायतदार आणि कामगार यांच्या आरोग्याचे प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांचा भार एकट्या आरोग्य खात्यावर टाकून भागणार नाही. अलिबागला २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने यात विद्यापीठाचा वाटा कोणता, हा प्रश्न थळच्या उंबरठ्याशी आला आहे.

हे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांची राज्यभरातील महाविद्यालये येतात. परीक्षा आणि पदव्यांपलीकडे या जाळ्याचा उपयोग झाला, तर राज्याच्या आरोग्याचे चित्र बदलू शकते.

याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ मधील स्थापनेनंतर, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याचा पायंडा पडला. रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने सुमारे ४० टक्क्यांचा मृत्युदर एका टक्क्याच्या आसपास आला. संशोधनाची सुरुवात गावातल्या रुग्णापासून होते, हाच त्याचा अर्थ.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक उपक्रम आणला. त्यातून विद्यार्थी घरापर्यंत जातो. पण तो उत्तीर्ण झाल्यावर नोंदीही त्याच्याबरोबर संपल्या, तर गावाच्या हाती काही उरत नाही. शासकीय महाविद्यालयांतील पदवीधरांसाठी असलेल्या एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेचीही हीच मर्यादा आहे. डॉक्टर बदलतो, गाव तेथेच राहते.

म्हणूनच गावाची आरोग्य नोंदवही महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने सांभाळावी, दरवर्षीची तुकडी ती पुढे न्यावी आणि निष्कर्ष जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला मिळावेत, असा दंडक विद्यापीठानेच घालायला हवा. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानेच आटोक्यात राहतात. थळच्या कोळीवाड्यातील रुग्णाला विद्यापीठाचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. त्याची नोंद मात्र विद्यापीठाकडे असली पाहिजे.