टाळीची जागा

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०८ मध्ये गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणले. १९२५ मध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी आपली संगीतशाळा काढली. संगीत शाळेत शिकवता येते, हे या शहराला मान्य होऊन शतक उलटले. श्रोतेपण मात्र आपण अजूनही उपजतच मानतो. कविता वाचायलाही शिकवावे लागते, हे आम्ही वर्गात रोज अनुभवतो. ऐकण्याचेही तसेच आहे.

दादर-गिरगावात शालेय वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत दिसते ते असे : मधल्या विरामालाच शेवट समजून टाळ्या पडतात आणि आपल्या पाल्याचे वादन संपताच पालक उठतात. समेवर दाद देणे हा मैफलीचा संस्कार आहे, आणि तो रास्तच आहे. मुरलेला कलावंत ती दाद पचवून पुढे जातो. वाद्यवृंदातली मुले मात्र मनात मात्रा मोजत एकमेकांना सांभाळत असतात. अवेळी पडलेल्या टाळीने ती मोजणी विस्कटते. म्हणून निर्देशकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे आणि शेवटची रचना संपेपर्यंत बसावे. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांसमोर वाजवणारे मूल संगीताविषयी काय शिकते, एवढाच आमचा प्रश्न आहे.