अंगणात रोशा लावा

यावलच्या नव्या वसाहतींत घर बांधून झालं की पुढच्या जागेत लॉन अंथरायची हौस सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ती हिरवळ रोज पाणी मागते. केळीसाठी कूपनलिका खोल खोल जाणाऱ्या या तालुक्यात मला ते पाणी फार महाग वाटतं. भर उन्हातली जागा भरायची तर पुरुषभर उंचीची गवतं लावावीत.

पण कोणती? पांढऱ्या झुपक्यांचं पंपास सध्या लग्नाच्या मांडवापासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे दिसतं. हे गवत दक्षिण अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते बागेतून निसटून रानोमाळ पसरलं. न्यूझीलंडने तर त्याची विक्रीच बंद केली. उत्तरेला सातपुडा आणि १९६९ पासूनचं यावल अभयारण्य असताना असला पाहुणा इथं नको.

त्यापेक्षा आपल्याच डोंगरातला रोशा पाहा. पावसाळ्यात दीड-दोन मीटर वाढतो, पावसाळा सरताना तुरे धरतो आणि ते पिकता पिकता तांबूस होतात. पान चुरगळलं तर गुलाबासारखा वास येतो, कारण त्याच्या तेलात जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य भरपूर असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात रोशाचं तेल गाळत. मुंबईहून ते तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई आणि महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जाई. युरोपातले व्यापारी त्याला तुर्की जिरेनियम समजत. खानदेशाचं नाव वाटेतच गळून पडलं. ज्या गवताचा सुगंध एवढ्या लांब गेला, ते आपल्याच अंगणात नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लावणी सोपी आहे. मृगाचा पाऊस चांगला झाला की मुळासकट फुटवे दोन-दोन फुटांवर लावा. पाणी साचणारी जागा टाळा. काळी जमीन असेल तर मुरूम घालून वाफा उंच करा. पहिलं वर्ष थोडं पाणी द्या, पुढे पावसावर भागतं. फेब्रुवारीत वाळलेला भाग विळ्याने वीतभर ठेवून कापा. वाळकं गवत उन्हाळ्यात चटकन पेट घेतं, म्हणून भिंतीला किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून ते लावूच नका.

सांडपाण्याच्या चरीच्या कडेला वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात आणि माठातही उपयोगी पडतात. तापीकाठचा कास मात्र कितीही देखणा दिसला तरी घरी आणू नका. तो जमिनीखालून पसरतो, आणि शेतात तसाच पसरणारा कुंदा खणून काढलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

अभयारण्यातून मात्र काहीही उपटून आणू नका. रोपवाटिकांत रोशा मागा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशव्या भरायला रोपवाटिकावाले नक्की तयार होतील.