बर्फ खाणारी सून आणि आपला संयम



मागच्या उन्हाळ्यात आमच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रोज रिकामा दिसायचा. घरात लहान मूल नाही. एका दुपारी पाणी प्यायला उठले, तर सूनबाई ओट्याला टेकून कुडूमकुडूम बर्फ चावत उभी. मी काय केलं? बावीस अभक्ष्यांची यादी ऐकवली. त्यात गारा आहेत, तुषार आहे, मातीसुद्धा आहे. "जिभेवर एवढाही ताबा नाही का?" असंही म्हणाले. ती गप्प राहिली. मला वाटलं, सुटली सवय. प्रत्यक्षात ती बर्फ रुमालात बांधून खोलीत न्यायला लागली होती.

तिने त्याआधीच रात्री फोनवर शोधलं होतं, सारखा बर्फ खावासा का वाटतो म्हणून. समोर आलेल्या पानावर वरच लिहिलेलं, की याला 'पायका' म्हणतात आणि हा मानसिक विकार आहे. तिने फोन पालथा ठेवून दिला. खाली लोहाच्या कमतरतेबद्दल होतं, तिथपर्यंत ती गेलीच नाही. फोन वेडी म्हणतो, सासू असंयमी म्हणते, मग कोण तोंड उघडेल? पुढे दोन महिन्यांनी जिना चढताना धाप लागली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8. बाईचं निदान 12 तरी हवं.

ही हकीकत मी आमच्या बायकांत सांगितली, तर बहुतेकींचं म्हणणं एकच: "बघा, मोबाईलवर शोधू नये ते यासाठीच!" मला हे मुळीच पटत नाही. फोनने निदान उत्तर तरी दिलं, अर्धं का होईना. आपण काय दिलं? मुलगी कच्चे तांदूळ खाते, तर आपण म्हणतो लग्नात पाऊस पडेल. कुणी पाटीवरची पेन्सिल खाते, तर हसतो. तीच बाई गरोदर असली की मातीच्या वासाचेही आपल्याला कौतुकाचे डोहाळे वाटतात, आणि नसली की तो असंयम! अंगात लोह कमी पडलं की काहींना अशी विचित्र ओढ लागते. बर्फाची ओढ तर त्याची चांगलीच ओळखीची खूण आहे. चरकसंहितेत माती खाण्याने होणारा पांडुरोग वेगळा सांगितला आहे, म्हणजे माती आणि फिकटपणा यांची जोडी तेव्हाही कुणी पाहिली होती. आपल्याला मात्र दिसतो तो फक्त नियमभंग. संयम मनाला लागणाऱ्या हावेवर असतो. रक्तातल्या तुटवड्याला उपदेश करून काय होणार?

आणि हा तुटवडा काही एका घरचा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 57 बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्या घरांत भर वेगळीच. डाळी, पालेभाज्यांतलं लोह अंगी कमी लागतं, चातुर्मासात पालेभाज्या बंद, आणि जेवणावर लगेच चहा, जो लोह शोषू देत नाही. त्याऐवजी ताटात लिंबू किंवा आवळा असला तर फायदा होतो, आणि यात कुठलाही नियम मोडत नाही.

मग फोनवर वाचून थेट लोहाच्या गोळ्या आणायच्या का? तेही नाही. माझी एक मावसबहीण तेच करून बसली. मी बी.कॉम.ची, मला एवढं कळतं की खात्यात शिल्लक कमी दिसली तर नुसती भर घालून भागत नाही, पैसा जातो कुठे ते पाहावं लागतं. पाळीला जास्त जातं का, मूळव्याध आहे का, पाळी बंद झालेल्या बाईच्या पोटात कुठे रक्तस्राव आहे का, हे फोन तपासत नाही. थॅलेसेमियाच्या वाहक बायकांचंही हिमोग्लोबिन कमी असतं, त्यांना लोह उगाच देऊन चालत नाही. म्हणून सीबीसी आणि फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे साठा. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही तो आटलेला असू शकतो.

सूनबाईंची बर्फाची ओढ गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गेली, हिमोग्लोबिन वर यायच्या कितीतरी आधी. मी तिची माफी मागितली. क्षमावाणीची वाट पाहिली नाही.

एक सांगायचं राहिलं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्याचं असतं. ते कळल्यावर काही जणी औषधच गुपचूप सोडून देतात. तसं करू नका. डॉक्टरांना सांगा, ते गोळी किंवा सिरप लिहून देतील. रात्री घेणार नाही हेही आधीच सांगा, म्हणजे वेळ दिवसाची ठरवता येते.