आईच्या अकरा कोंबड्या

शनिवारची सकाळ. पुण्यातल्या कॅफेत मी मसाला ऑम्लेटची ऑर्डर देतेय आणि फोन वाजतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आई.

"अगं, कोंबड्या पेंगायल्यात. दाणे टाकले तरी बघनात. दोन तर रात्रीतून गेल्या!"

"आई, कोंबड्याच ना? बघते मी गूगलवर," असं म्हणून मी फोन ठेवला. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आईच्या ११ कोंबड्या म्हणजे तिचं पर्सनल एटीएम. अंड्यांच्या पैशांचा हिशेब ती बाबांनासुद्धा देत नाही. माझ्या पहिल्या मोबाईलचे निम्मे पैसे त्याच खुराड्यातून आले होते!

मग परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "नुसतं 'आजारी आहे' सांगू नकोस. मान, तुरा आणि विष्ठा बघायला सांग." तिने दिलेला क्रॅश कोर्स तुमच्यासाठीही:

रक्ती हगवण: पिल्लं पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त. वेळेत पाण्यातून औषध दिलं तर वाचतात. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि खुराडं कोरडं ठेवा.

देवी: तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आणि खपल्या. डासांमुळे पसरते. जखमांना आयोडीन लावायचं, निरोगी कोंबड्यांना लस द्यायची.

जंत आणि उवा: तुरा फिका, वजन कमी, अंडी कमी. जंताचं औषध द्या, पंखांखाली उवा बघा.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत: तोंड उघडून श्वास, हिरवट हगवण, मान वाकडी. यावर औषध नाही. फक्त लस, तीही आधी.

आईकडे मान वाकडी होती. रविवारपर्यंत पाच गेल्या.

शेजारच्या काकूंचा सल्ला तयारच होता: "उरलेल्या कापून टाका नाहीतर बाजारात विका. वाया कशाला?" मैत्रीण फोनवरच ओरडली, "अजिबात नाही!" कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. नमुना तपासावाच लागतो. परभणीकरांना हे नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मग आसपासच्या एक किलोमीटरातल्या सगळ्या कोंबड्या मारण्याचा निर्णय झाला.

खरं तर याच भीतीने लोक गप्प बसतात. 'कळवलं तर सगळ्याच मारतील.' पण गंमत बघा, सरकार भरपाई देतं ती मारलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे गप्प बसण्यात दुहेरी तोटा.

आईने १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन केला. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात न टाकता वेगळ्या झाकून ठेवल्या, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. सोमवारी डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेले. त्यांनी सांगितल्यावर खोल खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या. बर्ड फ्लू नव्हता. मानमोडीच होती. अकरातल्या चार उरल्या.

"लस माहीत नव्हती का गं?" मी विचारलं.

"माहीत होती की. पण कुपी शंभर डोसची आणि माझ्या कोंबड्या अकरा. अकरासाठी कोण येतंय, बाई?"

इथंच सगळी गोम आहे. लस महाग नाही, पण कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका अंगणाचं ते काम नाही, अख्ख्या गल्लीचं आहे. म्हणून साथ ओसरल्यावर आईने सात घरांच्या बायका गोळा केल्या. संध्याकाळी कोंबड्या डालग्यात शिरल्या की पकडायला सोप्या. लहान पिल्लांच्या डोळ्यात लासोटाचा एकेक थेंब आणि आठ आठवड्यांवरच्यांना पंखाखाली इंजेक्शन. लस आणली बर्फ घातलेल्या थर्मासमधून. तोच थर्मास, जो मी आईला चहासाठी गिफ्ट दिला होता!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरून 'कोंबड्या पेंगायल्यात' असा फोन आला, तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणू नका. तीन प्रश्न विचारा: मान कशी आहे? विष्ठा कशी आहे? किती गेल्या? आणि शेवटी हेही विचारा, की गल्लीत मिळून कोंबड्या किती आहेत.

माझं ऑम्लेट? गार झालं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी अंड्याची किंमत विचारली.