वावर विकून समुद्राकाठी घर?

मुलगा पनवेलला किंवा पुण्याला नोकरीला लागलेला, नातवंडांची शाळाही तिकडचीच. दिवाळीला गावी आला की तो विषय काढतो : रस्त्याकडचे दोन एकर विकू आणि अलिबागला घर घेऊ. बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात हे बोलणे आता कुणाला वेडेपणाचे वाटत नाही, आणि ते तसे नाहीही. पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. समुद्राकाठी घर घ्यावे का, हा एक. त्यासाठी वावर विकावे का, हा दुसरा. पहिल्याला होकार मिळाला की दुसऱ्यालाही मिळाला, असे घरात गृहीत धरले जाते.

पहिल्या प्रश्नाची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडेल याची खात्री नाही. अलिबागला तो दोन हजारांच्या पुढे जातो. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या माणसाला नारळ-सुपारीच्या वाडीची ओढ वाटली, तर त्यात नवल काय? गावही नुसते चौपाटीचे नाही. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, आणि तिथून आरमार हाकणाऱ्या कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. शेजारच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, असे बेने इस्राएल सांगतात. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवले गेले. अशा गावात घर असावे असे वाटायला शौकीन असण्याची गरज नाही.

पण किमतीकडे पाहिले की चित्र बदलते. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. या सोयी मुंबईकराच्या आहेत आणि अलिबागचा भावही त्याच्याच खिशाकडे पाहून ठरतो. आपण मात्र परळीहून रात्रीच्या गाडीने पनवेल गाठणार, मग एसटीने पेण, वडखळ करत जाणार; चारशे किलोमीटरहून जास्त. म्हणजे मुंबईच्या जवळिकीचे पैसे मोजायचे आणि ती वापरायची नाही. मुलगा पनवेललाच राहत असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ते घर त्याचे, आणि हप्ताही त्याच्या पगारातून जायला हवा.

बंद घराचा खर्च निराळा. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजतात, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, राखणदार ठेवला तर त्याचा महिना. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्याला धडकले. रायगडमधल्या कित्येक घरांचे पत्रे उडाले आणि बागा आडव्या झाल्या. वर्षातून आठ दिवस समुद्र पाहायचा असेल, तर त्या आठ दिवसांची खोली भाड्याने घेणे कुठल्याही हिशेबात स्वस्त पडते.

तरीही सिरसाळ्याच्या शेतकऱ्याकडे एक गोष्ट आहे, जी मुंबईच्या कोट्यधीशाकडे बहुधा नसते : सातबारा. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकऱ्याला घेता येते, आणि शेतकरी असल्याचा पुरावा बीड जिल्ह्यातला असला तरी चालतो. कुळांच्या हक्काची एक मोठी लढाई झाली तीही अलिबाग तालुक्यातच. चरी गावच्या कुळांनी 1933 पासून जवळपास सहा वर्षे खोतांची जमीन कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील पुढे होते आणि डॉ. आंबेडकर पाठीशी. त्या काळात सिरसाळा निजामाच्या राज्यात होते. खोतीविरुद्धच्या झगड्यातून आलेल्या कायद्याचा फायदा आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मिळावा, हे आम्हाला गैर वाटत नाही.

मात्र याच सातबाऱ्यावर दलालांचा डोळा असतो. ‘पैसे आमचे, नाव तुमचे, खरेदीखतावर फक्त सही करा’ असे कुणी म्हणाले तर तो बेनामी व्यवहार आहे. बेनामी व्यवहारांच्या कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यात जमीन तर जप्त होतेच, वर नाव देणाऱ्यालाही तुरुंगवास होऊ शकतो. दुसरा सापळा सामाईक सातबाऱ्यावरच्या दोन-चार गुंठ्यांचा : कागदावर हिस्सा, जागेवर हद्द नाही. भरतीरेषेजवळच्या जमिनीला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे बंधन. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ते 200 मीटरपर्यंत येते, आणि तिथे नवे घर बांधता येत नाही. इनामी जमिनींचा घोळ पाहिलेल्या बीडकराला ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायला शिकवावे लागू नये. पण समुद्र दिसला की माणूस रकाने वाचत नाही. घ्यायचेच असेल तर गावातला, महारेरात नोंदलेला साधा फ्लॅट घ्यावा. त्यातून समुद्र दिसला नाही तरी चालेल.

आता वावर विकण्याची बाजू. ती दुबळी नाही. कोरडवाहू रान बटईने दिले तर हाती फारसे काही येत नाही, धाकटी पिढी परत येण्याची चिन्हे नाहीत, आणि मालक लांब राहिला की बांध दरवर्षी थोडा थोडा सरकतो. अशा रानाला नुसत्या भावनेने धरून बसा, असे आम्ही म्हणणार नाही. पण शेवटचा तुकडा विकून फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती शेतकरी असल्याचा पुरावा उरत नाही. उद्या परळीजवळ का होईना, पुन्हा रान घ्यावेसे वाटले, तर तोही मुंबईकराच्याच रांगेत. शिवाय रानाच्या सातबाऱ्यावर पीककर्ज मिळते, बंद फ्लॅट नुसता देखभालीचे बिल पाठवतो. म्हणून आमचे मत असे : मुलाच्या कमाईवर आणि त्याच्या कर्जावर घर होत असेल तर जरूर व्हावे, वावर विकूनच होत असेल तर थांबावे. फारच नड असेल तर एखादा तुकडा विकावा, सातबारा हातचा घालवू नये.

आणि तो तुकडा वडिलोपार्जित असेल तर तो एकट्या मुलाचा नसतो. महाराष्ट्राने मुलींना समान वाटा 1994 मध्येच दिला, देशाने 2005 मध्ये. आपल्याकडे मात्र बहिणीकडे हक्कसोडपत्रावर सही मागायला साडी घेऊन जातात. तिचा वाटा आधी रोख बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशांत अलिबागचे घर बसते का, हे मग पाहावे.