जोडघराचा सौदा आणि बहिणीची सही



सांडोर हे वसईच्या पश्चिमेकडील गाव. वाड्या, विहिरी आणि बैठी घरे यांच्या या पट्ट्याचे रूप झपाट्याने पालटत आहे. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. आता जागेच्या भावाची चर्चा ओटीओटीवर चालते. अशा ठिकाणी जुने जोडघर विक्रीस निघते, तेव्हा काय घडते? एक आढे, दोन ओट्या, दोन चुली, मध्ये एक भिंत. वडिलांनी स्वकष्टाने बांधलेल्या या घरात त्यांच्या पश्चात दोन भावांची दोन बिऱ्हाडे नांदतात. दलाल येतो, दोघांशी बोलतो, रक्कम ठरते. मग सासरी असलेल्या बहिणीला निरोप जातो, "एक दिवस ये आणि सही करून जा."

ती सही हक्कसोडपत्रावर असते.

हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. जून 1956 मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी अवघे चार महिने, तो अमलात आला. मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि माता यांना त्याने समान वाटा दिला. तथापि राहत्या घरात भावांनी वाटणी केल्याखेरीज बहिणीला वाटणी मागता येत नसे. ही अट 2005 च्या दुरुस्तीने रद्द झाली. बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाची हेळसांड हे एक प्रमुख कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी सत्तेवर पाणी सोडले, तो हक्क त्यांचेच अनुयायी एका निरोपासरशी काढून घेतात, याला काय म्हणावे?

"तिच्या लग्नात खर्च केला," असे भाऊ म्हणतात. भावांच्या लग्नात काय खर्च झाला नव्हता? "वाटा मागितला तर माहेर तुटेल," असे आयाही म्हणतात, आणि ही धमकीच असते, मायेने दिलेली असली तरी. भावांनी छप्पर शाकारले, आईचे आजारपण काढले, हे खरे असेल तर त्याचा हिशेब अवश्य मांडावा. त्याने वाटा नाहीसा होत नाही. बहिणीने सर्व जाणून, राजीखुशीने हक्क सोडला तर गोष्ट निराळी.

याच कायद्याच्या 22 व्या कलमाने आणखी एक सोय केली आहे. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकू लागला, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क इतर सहवारसांना आहे. किमतीवर एकमत न झाल्यास न्यायालय ती ठरवते. म्हणजे भिंतीपलीकडचा भाऊ घर राखू शकतो. बहीणही राखू शकते.

1956 सालीच वसई तालुक्यातील भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लग्नकार्यात, जन्माच्या वेळी केल्या जाणाऱ्या विधींचे फळ अल्प असते, खरे मंगल धम्माचरणात असते, असे त्या लेखाचे सांगणे. घर सोडताना आपण परित्राणपाठ ठेवतो; ठेवावा. परंतु त्याआधी महसूल किंवा नगर भूमापन कार्यालयातून मिळकतीचा उतारा काढून वारसांत बहिणींची नावे लागली आहेत काय, ते पाहावे. नसतील, तर दलालाला थांबवून ती आधी लावून घ्यावीत.